ओल्या बुटांचा राजा

१२ फेब्रुवारी, सोमवार

भांडी घासत होते. इद्वल मागून आला, खाली बसला आणि टेप लावून माझा पाय मोजायला लागला. टाचेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत. म्हटलं, काय रे, शवपेटी बनवतोस का माझी? म्हणाला, "स्टूल. हलू नकोस."

पंधरा इंच. आकडा पुटपुटला आणि शेडमध्ये गेला.

मला स्टूल नकोय. मी बसते कधी? पण सुताराशी त्रेपन्न वर्षं संसार केला की बाई विचारायचं सोडते. एकदा चॅपलमध्ये प्रार्थना चालू असताना हा पुढच्या बाईची पाठ वितीने मोजत होता.

पाऊस. धुणं आतच वाळत घातलंय. घरभर ओल्या मोज्यांचा वास.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

डेलोरिसचा फोन. दर गुरुवारी ठरलेला. तिकडे इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला बस चालवते. दोन फेऱ्यांच्या मध्ये वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात माझ्याशी वेल्श बोलून घेते. नऊ वर्षांपूर्वी आमच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता तिला. आता माझ्या चुका काढते!

हे सगळं त्या मालिकेपायी. 'तळ्याकाठचा राजा'. आमच्या तळ्यावर शूटिंग झालं तिचं. आर्थर राजाचीच जुनी गोष्ट, पण नव्या तऱ्हेने — राजा आमच्या खाणकामगारांसारखा बोलतो, राणी त्याच्यापेक्षा हुशार, आणि तलवार गंजकी. तीन वर्षं चालली. शेवटच्या भागात जखमी राजाला होडीत घालतात, होडी धुक्यात जाते — आणि बस! चॅनेलने गाशा गुंडाळला. होडी पोचली कुठे, राजा जगला का मेला, काही नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात चाळीसेक माणसं इथे येतात. अंगावर झुली पांघरून. तळ्याला फेरी मारतात, धक्क्यावर उभी राहून पाण्याकडे बघतात. रडतातसुद्धा. गॅरेजवाल्या एमलिनच्या म्हाताऱ्या कुत्र्याला वाकून मुजरा करतात, कारण तो चौथ्या भागात पळताना दिसतो. डेलोरिस त्यांची म्होरकी. आमच्या वरच्या खोलीत उतरते.

मी त्यांना वेडे म्हणते. तोंडावर. त्यांना आवडतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

चॅपल सुटल्यावर मॉरविदने जाहीर केलं — मे महिन्यातला आपला गाण्या-कवितांचा मेळा या वर्षी वेड्यांबरोबर करायचा. खुर्चीची स्पर्धा पण ठेवायची, जिंकेल त्याला कोरीव खुर्ची बक्षीस. गोष्ट लिहायची, वेल्शमध्ये. विषय, 'होडी निघाल्यावर'. गावाने लिहावं, वेड्यांनी लिहावं. परीक्षक ती.

मॉरविद इद्वलची थोरली बहीण. तीस वर्षं शाळेची हेडबाई होती. लग्नाआधी मी इद्वलला एक पत्र लिहिलं होतं, ते हिच्या हाती पडलं. लाल शाईने दुरुस्त करून मला परत पाठवलं! मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून लाँड्रीत लागलेली. काय अपेक्षा होती बाईची? तेव्हापासून तिच्या नजरेला पडेल अशा जागी मी काही लिहून ठेवत नाही. वाण्याची यादीसुद्धा नाही.

मग इद्वल उठला. म्हणाला, खुर्ची मी करतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. दोन वर्षं झाली हात कापतात त्याचे. अर्धा चहा बशीत असतो.

घरी येताना विचारलं, कशी करणार? म्हणाला, "हळूहळू." पूल ओलांडल्यावर म्हणाला, "ही शेवटची."

२४ फेब्रुवारी

सकाळपासून ती सत्त्याऐंशी सालची खुर्ची डोक्यात आहे.

आमच्याकडे नाव लपवून लिहितात. गोष्टीवर टोपणनाव, खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात. मेळ्याच्या दिवशी परीक्षक टोपणनाव पुकारतो, बिगूल वाजतो, आणि जिंकलेला माणूस गर्दीत आपल्या जागेवरून उठतो. तोवर कोणाला पत्ता नसतो. तीन वेळा बिगूल वाजून कोणी उठलं नाही तर खुर्ची कोणालाच नाही. पाकीट न उघडता जाळायचं.

सत्त्याऐंशी साली इद्वलने ओकच्या लाकडाची खुर्ची केली होती. तीन महिने राबला. तेव्हाच्या पाद्रीबाबांनी नाव पुकारलं. बिगूल वाजला, तिन्ही वेळा. कोणी उठलं नाही.

खुर्ची हॉलमागच्या कोठीत गेली. तिच्यावर भजनांची जुनी पुस्तकं रचली. इद्वलने त्या कोठीत परत पाय ठेवला नाही. गावात अजून विषय निघतो, कोण तो भित्रा म्हणून. इद्वल उठून बाहेर जातो.

परत तसं झालं तर? शेवटची म्हणतोय तो.

१ मार्च, शुक्रवार

संत डेव्हिडचा दिवस. हॉलमध्ये पन्नास माणसांचं सूप केलं. एमलिनने कोटाला रीतीप्रमाणे लीक, म्हणजे आमची जाड कांदापात, खोचली होती, ती पण अख्खी जुडी, आणि नंतर तीच कच्ची खाल्ली. दिवसभर त्याच्या जवळ कोणी बसेना.

मोठे टेबलक्लॉथ कोठीत आहेत. हॉलची कुलपं इद्वल सांभाळतो, म्हणून चावी त्याच्याकडे असते. मागितली तर म्हणाला, हरवली. अगदी साळसूद चेहऱ्याने! ज्या माणसाने आपल्या बापाचा रंधा सत्तर वर्षं सांभाळला त्याच्याकडून चावी हरवते? चादरी अंथरल्या टेबलांवर.

७ मार्च, गुरुवार

डेलोरिसने मालिकेच्या सगळ्या डिस्क पाठवल्या होत्या मागे. इद्वल बघतो. मी बघत नाही. मी इस्त्री करते. टीव्ही समोर आहे त्याला माझा इलाज नाही.

आज मेजवानीचा भाग होता. वीसेक सरदार गोल टेबलाभोवती बसून हाडं चघळतात. ते टेबल इद्वलनेच केलेलं, शूटिंगवाल्यांसाठी — आता हॉलमध्ये आहे, मी त्यावर कणीक मळते. तर सरदार जेवले, भांडले, घोड्यांवर बसून गेले. पुढचा सीन सकाळचा, टेबल चकचकीत! मी म्हटलं, हे घासलं कोणी? हाडं उचलली कोणी? राजाचा सदरा रक्ताने भरलाय आणि दुसऱ्या भागात पांढराशुभ्र. गार पाण्यात मीठ घालून कोणी भिजवला तो? चाळीस वर्षं लाँड्रीत काढलीत मी. रक्त असं जात नाही.

इद्वल म्हणाला, "लिही की मग."

म्हटलं, तू गप टीव्ही बघ.

१४ मार्च, गुरुवार

डेलोरिसला सहज विचारलं, राजाला बटाटे सोलता येत असतील का? मग म्हणाली, "मिसेस पॅरी, बटाटे तेव्हा नव्हतेच. अजून हजार वर्षांनी येणार होते." म्हटलं, मग काय सोलायचे लोक? म्हणाली, सलगम. आणि तुम्हाला का हवंय हे?

म्हटलं, सूप करतेय. तुझी बस सुटेल, जा.

२० मार्च

लिहायला घेतलं. कोणासाठी नाही.

२२ मार्च

दोन पानं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. इद्वल बाहेरून विचारतो, काय करतेस? म्हटलं, कपाट आवरते. तीन तास? हो, तीन तास. मोठं कपाट आहे.

२८ मार्च

होडी पलीकडच्या काठाला लागते. तिथे काही सोन्याचं बेट वगैरे नाही. एक बाई कपडे धुतेय. तिला माहीत नाही हा कोण. ती म्हणते, ओले बूट काढ आधी, मग माझ्या फरशीवर चाल. राजाचे बूट आजवर दुसऱ्याने काढलेले, त्याला बंद सुटत नाहीत. ती त्याला ते सोडून देत नाही, नुसती बघत राहते. शेवटी सुटतात. मग ती त्याच्या हातात सलगम आणि सुरी देते.

अलीकडच्या काठावरून लोक हाका मारतात — परत ये, राजा, आमचे हाल होताहेत. तो विचारतो, मला परत जावं लागेल का? ती म्हणते, टोपली संपव आधी.

टोपली मोठी आहे.

माझे वडील खाणीत होते. सुरुंग लावताना म्हणायचे, बेताने रे, आर्थर झोपलाय डोंगरात. लहानपणी मला वाटायचं, एवढी वर्षं झोपून अंगाला फोड आले असतील त्याच्या. कोणीतरी त्याला उठवून कामाला लावायला हवं. तेच केलंय मी. दुसरं काही नाही.

परत वाचलं. ओक्साबोक्शी रडले! कांदा चिरून ठेवला शेजारी, इद्वल आला तर दाखवायला.

५ एप्रिल

शेडमध्ये चहा घेऊन गेले. खुर्ची जवळजवळ झाली. सुंदर आहे! पाठीवर लाटा, मधे होडी. लाकूड काळसर. म्हटलं, हे नवीन लाकूड नाही. म्हणाला, "जुनं पडलेलं होतं."

कोरलेली होडी जराशी वेडीवाकडी आलीय, हाताच्या थरथरीने. मला तशीच आवडली, पाण्यावर हलल्यासारखी. पण सांधे बघितले — नखसुद्धा जाणार नाही असे. हे कसं जमलं? कप धरता येत नाही या माणसाला.

तेवढ्यात मॉरविद आली पाहणीला. म्हणाली, इद्वल, बुटकी झालीय ही. एखादा उंच माणूस जिंकला तर गुडघे हनुवटीला लागतील. इद्वल म्हणाला, लाकूड कमी पडलं. ती म्हणाली, जन्मभराचा सुतार आणि लाकूड कमी पडतं? तो पॉलिश करत राहिला.

भाऊ-बहीण दोघं सारखेच. एकाला बोलवत नाही, एकीला गप्प बसवत नाही.

११ एप्रिल, गुरुवार

गोष्टी टाकायची पेटी हॉलमधल्या माझ्या चहाच्या कपाटात असते, तिथला चहा कायम माझ्याकडे. माझं तोंड बंद असतं म्हणून मला दिली. मुदत सोमवारपर्यंत. आतापर्यंत तीन पाकिटं!

डेलोरिसला विचारलं, तुझे वेडे लिहीत का नाहीत? नऊ वर्षं तेच तर करताय, आपापल्या घरी बसून राजाला कुठे कुठे पोचवताय. म्हणाली, इंग्लिशमध्ये लिहितो हो. वेल्शमध्ये मॉरविदबाईंपुढे — भीती वाटते. म्हटलं, बस चालवायला भीती वाटत नाही? म्हणाली, बस मला लाल शाईने दुरुस्त करत नाही.

मॉरविदने आज परत सांगितलं, लायक गोष्ट आली नाही तर खुर्ची देणार नाही. भावाची असली तरी.

तीन पाकिटांत लायक काय निघणार?

१५ एप्रिल, सोमवार

टाकलं. सगळी अक्षरं छापल्यासारखी मोठी काढलीत, ओळखू येऊ नयेत म्हणून. टोपणनाव 'पलीकडच्या काठची'. आकडा वाढावा म्हणून टाकलंय फक्त.

संध्याकाळी मॉरविद पेटी घेऊन गेली. एकूण सात झाली. मी कपाट पुसलं. मग परत पुसलं.

२७ एप्रिल, शनिवार

डेलोरिस आली. सहा फूट बाई, जुन्या पडद्याची हिरवी झूल, हातात रमची बाटली घालून केलेला काळा केक — तिच्या जमैकाच्या आईच्या हातचा. मी मनुकांचा पाव केला होता. दोन्ही शेजारी ठेवले. इद्वलने दोन्ही खाल्ले आणि मत दिलं नाही. म्हणून टिकलंय लग्न.

वेडे हॉलमध्ये जमले. गोल टेबलाला हात लावून डोळे मिटतात. मी आधीच व्हिनेगरने पुसून ठेवलं होतं, नाहीतर कणीक लागली असती राजवंशाला. त्यांची एक रीत आहे, मालिकेतली — टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवायची. जो अजून आला नाही त्याच्यासाठी. नऊ वर्षं कोणी बसलेलं नाही तिच्यावर. मी एकदा त्यावर बादली ठेवली होती तर एका बाईने किंकाळी मारली.

डेलोरिसने जेवताना विचारलं, सूप कसं झालं होतं, सलगमाचं? म्हटलं, बरं. ती हसली. का हसली?

२ मे, गुरुवार

तलवार! समारंभात तलवार अर्धी म्यानाबाहेर ओढून तीनदा विचारतात, शांती आहे का? लोक म्हणतात, शांती. गावच्या बँडची तलवार म्यानात गंजून बसलीय. एमलिनने ग्रीस लावलं, डिझेल लावलं, शेवटी पान्याने ओढली. मूठ हातात आली. वेड्यांतल्या चौघांनी त्याच्याभोवती गुडघे टेकले. तो म्हणाला, उठा रे, फरशी ओली आहे.

डेलोरिसकडे मालिकेतल्यासारखी तलवार आहे. रबराची. मॉरविदचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण दुसरी नाही.

जेवण गेलं नाही. उगाच.

३ मे

ठरवलं. नाव पुकारणार नाहीतच. आणि पुकारलं तर मी चहाच्या बंबाशी आहे, मला ऐकू आलं नाही.

४ मे, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

हॉल गच्च. पुढे गाव, मागे वेडे, सगळ्यात मागे मी, बंब आणि साठ कप. इद्वल पहिल्या रांगेत, चॅपलच्या कोटात. खुर्ची स्टेजवर, चादरीखाली. कोणीतरी म्हणालंच, लहान मुलाची आहे का? मी त्याला चहा शेवटी दिला.

मॉरविद निकाल सांगायला उठली. सात गोष्टी आल्या म्हणाली. पाचांत राजा झोपतो. एकात मरतो. आणि एकात — इथे तिने चष्मा काढला, पुसला, घातला — एकात सलगम सोलतो.

डेलोरिसची मान माझ्याकडे फिरली. मी किटली भरायला घेतली. भरलेलीच होती.

मॉरविद म्हणाली, "या लेखकाला लिहिता येत नाही. मी चुका मोजायला घेतल्या. एकविसाव्या चुकीपर्यंत मोजल्या. त्यानंतर पेन्सिल मी कुठे ठेवली ते मला अजून सापडलेलं नाही."

मग तिने एक तुकडा वाचला. बुटांचा. राजाला बंद सुटत नाहीत तो. तिच्या त्या शाळेच्या आवाजात माझी वाक्यं! पूर्णविराम तिने स्वतःच्या पदरचे घातले. वेड्यांत आधी हसू आलं. मग टोपली संपव आधी, असं बाई म्हणते तिथे काहींनी झुलीची टोकं डोळ्यांना लावली. एक झूलवाला दाढीवाला उघड उघड रडत होता. शेजारच्याला सांगत होता, पोचला रे, पोचला एकदाचा.

मॉरविद म्हणाली, 'पलीकडच्या काठची' या टोपणनावाने जिने लिहिलंय तिने, आणि फक्त तिने, उठावं.

एमलिनने बिगूल वाजवला.

सगळे माना वळवून बघायला लागले. कोण उठतंय? कोणी नाही. आणि मला कळलं, मी उभीच आहे! उभ्या माणसाने उठायचं कसं? चहावालीकडे कोण बघतं? सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून पुढे जात होत्या, बंबावरून जातात तशा. नियम आहे, जागेवरून उठायचं. मला जागाच नव्हती.

दुसरा बिगूल. पुढच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, परत तसंच. इद्वलची मान खाली गेली. मागून त्याची पाठ दिसत होती मला, कॉलरच्या वरचे पांढरे केस, जे मी सकाळीच कापले होते. तो मागे वळला नाही. एकदाही नाही.

तेवढ्यात डेलोरिस उठली. सहा फूट! हॉलभर टाळ्या. लोकांना वाटलं हीच. ती दोन्ही हात हलवत म्हणाली, मी नाही, मी नाही, बसा खाली. गोल टेबलाशी गेली. ती रिकामी खुर्ची उचलली. वेड्यांनी श्वास रोखलेला ऐकू आला मला. खुर्ची घेऊन ती हॉलच्या टोकापर्यंत आली आणि माझ्या मागे ठेवली. बस ड्रायव्हरच्या आवाजात म्हणाली, "बसा, मिसेस पॅरी. म्हणजे उठता येईल."

बसले. किटली मांडीवर. पाय लोंबकळत होते, कुठल्याही खुर्चीवर लोंबतात तसे.

एमलिनने तिसऱ्यांदा बिगूल तोंडाला लावला. फुंकायचं विसरला. मग आठवलं.

उठले.

काय आवाज झाला! डेलोरिसने किटली माझ्या हातातून घेतली, नाहीतर ती घेऊनच चालत गेले असते. वेड्यांनी दोन्ही बाजूंनी झुली पसरल्या. म्हटलं, उचला त्या, पाय अडकून पडेन. स्टेजवर मॉरविदने पाकीट फोडलं, रीतीप्रमाणे. नाव मी चहाच्या पुड्याच्या पाठीवर लिहिलं होतं. तिने वाचलं. परत वाचलं. मोठ्याने म्हणाली, एलुनेड पॅरी. मग माझ्या कानाशी वाकून, "दुसऱ्या पानावर एकही पूर्णविराम नाही."

म्हटलं, श्वास घ्यायला वेळ नव्हता, मॉरविद.

ती म्हणाली, "ते कळत होतं." आणि माझा हात सोडेना.

एमलिनने तलवार ओढली, ती मधेच वाकली. शांती आहे का? हसत हसत शांती म्हणाले सगळे.

चादर काढली. बसले. दोन्ही पावलं जमिनीला टेकली. पूर्ण. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा! इद्वलकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत होता, हात कापत असल्याने दुप्पट वेगात.

पंधरा इंच. स्टूल म्हणे!

चहा डेलोरिसने वाटला. पाणचट.

५ मे, रविवार

वेड्यांनी गोष्टीच्या नकला काढल्या. माझ्या सह्या मागतात. सही! मी फक्त एलुनेड लिहिते आणि पुढे जाते. दाढीवाल्याने विचारलं, टोपली संपल्यावर काय होतं? म्हटलं, दुसरी टोपली. तो म्हणाला, देवा, थँक्यू.

त्यांनी रिकामी खुर्ची परत टेबलाशी ठेवली. डेलोरिस म्हणाली, अजून कोणीतरी यायचं असेलच.

संध्याकाळी मालिकेच्या शेवटच्या तीन भागांची इस्त्री केली. इस्त्रीला कपडे नव्हते.

६ मे, सोमवार

डेलोरिसला स्टेशनवर सोडलं. घरी येऊन खुर्ची पुसायला उलटी केली. खाली, सुताराच्या पेन्सिलने, दोन ओळी. पहिली पुसट: एलुनेड, १९८७. दुसरी ताजी: एलुनेड, २०२४. खुर्चीचे पाय कापून आखूड केल्याच्या खुणा अजून ताज्या आहेत.

कोठीची चावी त्याच्या कोटात सापडली. जाऊन कोठी उघडली तर भजनांची पुस्तकं जमिनीवर रचलेली. जुनी खुर्ची नाही.

सत्त्याऐंशी साली पुकारलेली तीही मीच होते. तेव्हाही किटली हातात होती. पहिल्या रांगेत मॉरविद बसलेली, म्हणून पुढे झाले नाही. कोणाला सांगितलं नाही कधी, या वहीलासुद्धा नाही.

शेडमध्ये गेले. विचारलं, कधीपासून माहीत आहे तुला?

म्हणाला, "सत्त्याऐंशी साली, बिगूल वाजून गेल्यावर, सगळ्यांच्या चहात तू साखर दोनदा घातलीस."